बिऱ्हाड पाठीवर, मैत्रीण अकराव्या मजल्यावर

सिंगापूरला मी आजवर पाच वेळा गेले आणि पाचही वेळा कारण एकच होतं. सांगलीला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात १४ नंबरच्या खोलीत आम्ही चौघी राहत होतो. त्यातल्या दोघी आता तिथे असतात.

मी कोल्हापूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. सह्याद्रीतले ट्रेक कॉलेजपासूनच चालू होते. २००३ पासून उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत सॅक पाठीला लावून देशाबाहेरही जायला लागले, बहुतेक वेळा एकटीच. सॅक ३८ लिटरची. भरल्यावर साडेसात किलोच्या वर जाऊ द्यायची नाही, हा नियम वीस वर्षं पाळला आहे. स्वस्तातली तिकिटं, रात्रीच्या गाड्या, हॉस्टेलच्या वरच्या बंकवरची झोप हे सगळं मला लवकर जमलं. वाटेत एखाद्या मोठ्या शहरात जुनी मैत्रीण भेटणार असेल तर तिला कसं भेटावं, हे मात्र जमायला फार वर्षं लागली. हे कोणी शिकवत नाही. मी चुका करत शिकले, म्हणून लिहायला बसले आहे.

पहिली खेप २००६ च्या मे महिन्यातली. थायलंडपासून खाली उतरत तीन आठवडे हिंडून झाले होते. क्वालालंपूरला रात्रीची गाडी धरली. तेव्हा मलेशियाची रेल्वे थेट सिंगापूरच्या पोटात, तान्जोंग पगार स्टेशनपर्यंत जायची. वुडलँड्सला सगळ्यांना सामानासकट खाली उतरवलं, पासपोर्ट तपासले, परत गाडीत बसवलं. मग गाडी झाडीतून, लोकांच्या परसदारांमागून रमतगमत जात राहिली. एवढ्या चकचकीत शहरात मी मागच्या दाराने शिरत होते. स्टेशन १९३२ सालचं, उंच छताचं. दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेल्या चार मोठ्या मूर्ती: शेती, व्यापार, वाहतूक आणि उद्योग. त्या मूर्तींखाली मैत्रीण उभी होती. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. दहा वर्षांनी भेटत होतो आम्ही. तिने मला घट्ट मिठी मारली आणि लगेच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते घड्याळ पाहणं मला दिसलं, पण त्याचा अर्थ लावायची बुद्धी तेव्हा झाली नाही.

तिच्याकडे मी नऊ दिवस राहिले. क्लेमेंटीला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट होता. सिंगापूरमधले दहातले जवळजवळ आठ रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात; त्या इमारतींना सगळे ‘एचडीबी’च म्हणतात. घरात ती, नवरा, वर्षाचा मुलगा आणि मुलाला सांभाळायला साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. सासूबाईंनी त्यांची खोली मला दिली आणि स्वतः हॉलमध्ये गादी टाकली. मी दोनदा “नको, नको” म्हटलं आणि खोली घेतली.

दिवसभर मी एकटी हिंडायचे. संध्याकाळी ती साडेपाचला ऑफिसातून निघून मला गाठायची. एक दिवस बोटॅनिक गार्डन, एक दिवस नदीकाठ, एक दिवस सेंटोसा. घरी यायला रात्रीचे दहा वाजायचे. सहाव्या रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरातला दिवा चालू. दीड वाजला होता. ओट्यावर लॅपटॉप ठेवून ती उभ्याउभ्या काम करत होती. बसली असती तर झोप लागली असती.

“काही नाही गं, उद्याचं थोडं आटपते. तू झोप,” ती म्हणाली.

मी सुट्टीवर होते आणि ती नव्हती. एवढी साधी गोष्ट कळायला मला सहा दिवस लागले. आणि कळल्यावरही मी आणखी तीन दिवस राहिले, कारण परतीचं तिकीट त्या तारखेचं होतं आणि हॉस्टेलचे पैसे वाचत होते. आपल्याकडे म्हण आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. लहानपणापासून ऐकलेली ही म्हण मी दुसऱ्यांच्या पाहुण्यांनाच लावत आले होते.

सॅक घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडे पैसा थोडा आणि वेळ भरपूर असतो. अशा शहरात राहणाऱ्या मैत्रिणीचं नेमकं उलटं असतं. तिच्याकडे पैसा असतो, म्हणून ती सगळीकडे आपलं बिल भरते, टॅक्सी करते, आपण ‘नको’ म्हटलं तरी ऐकत नाही. वेळ मात्र तिच्याकडे नसतो आणि आपण तोच मागत असतो. पैशाचं ओझं झालं तर माणूस निदान बोलून दाखवतो. वेळेचं ओझं कोणीच बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या खेपेला, २०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी ठरवून हॉस्टेलमध्ये उतरले. त्या वर्षी ३० जूनला तान्जोंग पगारला येणारी रेल्वे बंद झाली होती, त्यामुळे जोहोर बाहरूहून बसने कॉजवे ओलांडून आले. लिटल इंडियात डनलप स्ट्रीटवर आठ खाटांची खोली, रात्रीचे २२ डॉलर. २००६ मध्ये सिंगापूरचा डॉलर २९ रुपयांच्या आसपास पडायचा, २०११ मध्ये चाळिशीकडे गेला होता आणि आता साठाच्या बराच वर आहे. म्हणजे हॉस्टेलमध्ये राहणं हा माझ्यासाठी खराखुरा खर्च होता, आणि तो मी करावा हेच योग्य होतं.

मैत्रिणीला ते फार लागलं. फोनवर ती बराच वेळ गप्प राहिली. सासूबाई फोन घेऊन म्हणाल्या, “अगं, आम्ही काय तुला वाळीत टाकलंय का? घर असताना धर्मशाळेत राहतेस?” त्यांची समजूत त्या खेपेला मला घालता आली नाही. मराठी घरात पाहुण्याने बाहेर उतरणं म्हणजे घराला नाव ठेवल्यासारखंच. मी एकच करू शकत होते: घरी जाताना हात हलवत न जाता भाजी घेऊन जायचं आणि जेवण झाल्यावर भांडी घासून मगच निघायचं. तिसऱ्या खेपेपर्यंत सासूबाईच मला सांगायला लागल्या, “येताना टेक्का मार्केटमधून कढीपत्ता आण, इथं पाकिटातला मिळतो तो वाळलेला असतो.” त्या दिवशी मी त्या घरची झाले असं मला वाटलं.

हॉस्टेलचा एक फायदा मला नंतर कळला. भेट संपवता येते. शेवटची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला जाते, म्हणून अकराला उठावंच लागतं. उठायचं आहे हे ठाऊक असलं की माणसं मुद्द्याचं बोलतात. नऊ दिवस एका छपराखाली राहून आम्ही जे बोललो नव्हतो ते २०११ च्या तीन संध्याकाळींत बोललो.

आता मी कोणाला “तू कधी मोकळी आहेस?” असं विचारतच नाही. त्या शहरांत कोणीच मोकळं नसतं. असा प्रश्न आला की समोरची माणसं उगाच ओशाळतात, रजा टाकतात, महागड्या ठिकाणी टेबल राखून ठेवतात. मी विचारते, “बुधवारी संध्याकाळी तुला काय काय करायचं आहे?” आणि जे असेल त्यात बरोबर जाते. बुधवारच का, तर आठवड्याच्या मधल्या दिवसाला कोणी सण करत नाही. शनिवार-रविवारी भेटलेली मैत्रीण थोडी पाहुण्यासारखी वागते. बुधवारी ती जशी आहे तशी असते.

२०१५ मधला असाच एक बुधवार. मुलगा दहा वर्षांचा झाला होता. सिंगापूरमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी, बाराव्या वर्षी, एक मोठी परीक्षा असते आणि पुढची शाळा तिच्या गुणांवर ठरते. त्यामुळे दहाव्या वर्षापासूनच घरोघरी शिकवण्या. एका इमारतीत गणिताची शिकवणी होती, दीड तासाची. मैत्रीण म्हणाली, “तू कंटाळशील, तू हिंडून ये.” मी म्हटलं, “बसते की तुझ्याबरोबर.”

तिथल्या इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. खांब, फरशी आणि मधूनमधून सिमेंटची गोल टेबलं, ज्यांच्यावर बुद्धिबळाचा पट जडवलेला असतो. लग्न असो की मयत, इमारतीतल्या लोकांचे मांडव तिथेच पडतात. आम्ही तशा एका पटावर दोघींच्या पाण्याच्या बाटल्या ठेवून बसलो. पंखा नव्हता, घाम येत होता. वरून कुठूनतरी फोडणीचा वास येत होता. त्या दीड तासात तिने मला पहिल्यांदा सांगितलं की २००६ मध्ये मी गेल्यावर तिचं ऑफिसात मोठं भांडण झालं होतं आणि नऊ दिवस लवकर निघाल्याचं त्या वर्षीच्या मूल्यमापनात धरलं गेलं होतं. तिने हे रागाने सांगितलं नाही. नऊ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिने सहज पटावर मांडली. मी माफी मागितली. ती म्हणाली, “मागितलीस ते बरं केलंस.” मुलगा वही घेऊन खाली आला आणि आम्ही उठलो.

सेंटोसाच्या समुद्रावर आम्ही हे कधीच बोललो नसतो.

खाण्याचंही असंच झालं. पहिल्या दोन खेपांना ती मला मॉलमधल्या हॉटेलांत न्यायची, कारण पाहुणीला हॉकर सेंटरमध्ये न्यायला तिला संकोच वाटायचा. तिसऱ्या खेपेपासून आम्ही हॉकर सेंटरलाच बसतो. छपराखाली ओळीने गाळे, प्रत्येक गाळ्याचा एखाद-दुसराच पदार्थ, मधे बांधलेली टेबलं. जागा धरायची असेल तर टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं आणि बिनधास्त रांगेत जायचं. ते पाकीट कोणी हलवत नाही. मराठी माणसाला एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवतो. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला आपल्या वारसा यादीत घेतलं. २०२१ पासून आपलं ताट आपण उचलून न ठेवल्यास दंडही होतो. आम्ही दोघी शाकाहारी, म्हणून बहुतेक वेळा प्राटा किंवा डोसा आणि शेवटी ‘कोपी’. कोपी म्हणजे तिथली काळीकुट्ट कॉफी. बिया भाजतानाच साखर आणि लोणी घालतात. नुसती ‘कोपी’ म्हटलं की गोड कन्डेन्स्ड दूध येतं, ‘कोपी-सी’ म्हटलं की डब्यातलं बिनसाखरेचं दूध आणि वेगळी साखर, ‘कोपी-ओ’ म्हणजे दुधाशिवाय, ‘कोसोंग’ जोडलं की साखरही नाही. तिथलं बिल मी भरू शकते. मी भरते आणि ती भरू देते. या एका गोष्टीने आमच्या मैत्रीतली बरीच अवघडलेली जागा मोकळी झाली. बरोबरीने खर्च करता येईल अशी जागा निवडणं हे सॅकवाल्या माणसाचं काम आहे, यजमानाचं नाही.

टोकियोची गोष्ट वेगळी झाली. २०१८ च्या मे महिन्यात मी जपानला गेले होते. पॉलिटेक्निकमधली माझी एक जुनी सहकारी तिथे निशिकसाईला राहायची. २००० च्या आसपास भारतातले संगणक अभियंते टोकियोला यायला लागले, तेव्हा तोझाई मार्गावरची ही वस्ती त्यांना सोयीची पडली. कामाच्या ठिकाणी थेट मेट्रो आणि परदेशी माणसाला जामीनदार न मागता मिळणारी सार्वजनिक घरं. त्यामुळे स्टेशनाबाहेर मराठी कानावर पडलं तर नवल वाटायचं कारण नाही. मी उत्साहाने दोन महिने आधी कळवलं होतं. तिने स्टेशनाखाली चाळीस मिनिटं दिली. चाळीस मिनिटांत ती तीनदा फोन बघत होती, घरी ये असं एकदाही म्हणाली नाही. मी हिरमुसून परत आले. कोल्हापूरला आल्यावर दोघी-तिघींना बोलूनही दाखवलं की माणसं परदेशात गेली की बदलतात.

ऑगस्टमध्ये तिचं मोठं पत्र आलं. मी भेटले त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली होती आणि घरी अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती ऑफिसला म्हणून निघत होती आणि दिवसभर वाचनालयात बसून अर्ज करत होती. त्या चाळीस मिनिटांत तिला एका मुलाखतीच्या फोनची वाट होती. तशा दिवशी तिने स्टेशनवर येऊन माझ्याशी हसून बोलणं ही केवढी मोठी गोष्ट होती! ज्या दोघी-तिघींना मी वाईट बोलले होते त्यांना नंतर खरं काय ते सांगितलं. तरीही ते शब्द तोंडातून गेले होते याची बोचणी आहेच.

आमच्या १४ नंबरमधली चौथी कुठेच गेली नव्हती. सांगलीतच राहिली, तिथेच संसार केला. ती एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेली. तेव्हा जिल्हाबंदी होती. मी पन्नास किलोमीटरवर असून जाऊ शकले नाही. त्याच महिन्याअखेर सिंगापूरने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं. तिथला कामाचा किंवा आश्रिताचा पास हातात असणाऱ्यांनाही परत येता येईना. तिकडच्या दोघी फोनवर रडत होत्या आणि इकडे मी. चौघींतली एक गेली आणि उरलेल्या तिघींना एकमेकींचा हात धरायला दीड वर्ष थांबावं लागलं.

२०२२ च्या दिवाळीत चौथ्या खेपेला निघताना मी सांगलीला तिच्या आईकडे गेले. त्यांनी कपाटातून एक स्टीलचा पेला काढला. आमच्या पिढीत मुलगी वसतिगृहाला निघाली की ताट, वाटी, पेल्यावर नाव घालून द्यायचे. त्यावर तिचं नाव, आडनाव आणि खाली ‘२२-६-९२’ असं टिंबटिंबांनी कोरलेलं होतं. कडेला एक पोचा. तो आमच्याच खोलीत पडून आलेला. आई म्हणाल्या, “तुम्ही तिघी एकत्र बसाल तेव्हा यातून चहा घ्या.” मी तो मोज्यांत गुंडाळून सॅकच्या मधोमध ठेवला. वजनाचा नियम त्या वेळी पाहिला नाही.

पहिल्या मैत्रिणीने तोवर पासिर रिसला स्वतःचा फ्लॅट घेतला होता. लिटल इंडियातून मेट्रोने बुगिसला यायचं आणि तिथून हिरव्या मार्गाने अगदी शेवटचं स्टेशन. दुसरी मैत्रीण बेटाच्या पश्चिमेला, जुरोंगला राहते. सगळं सिंगापूर मुंबईपेक्षा थोडंसंच मोठं, पण या टोकाहून त्या टोकाला मेट्रोने तासाच्या वर लागतो आणि या दोघीही वर्षाला तीन-चारदाच भेटतात हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी जुरोंगची मैत्रीण पासिर रिसला आली. चहा केला, पेल्यात ओतला. पेला इतका तापला की ओढणीच्या टोकाने धरावा लागत होता. एकेक घोट घेऊन पुढे द्यायचा असं चाललं होतं. फार बोललो नाही. दुसरीने पेला रिकामा झाल्यावर धुतला, पुसला, आणि अंगठ्याने ती टिंबं चाचपत बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जुरोंगची मैत्रीण मला म्हणाली, “चल, चालून येऊ.” बंद झालेल्या रेल्वेच्या जागेवर आता पायवाट केली आहे, रेल कॉरिडॉर नावाची. उत्तरेपासून तान्जोंग पगारपर्यंत २४ किलोमीटर. बुकित तिमाचं छोटं स्टेशन दुरुस्त करून त्याच वर्षी जुलैत लोकांना खुलं केलं होतं. तिथून आम्ही दक्षिणेकडे चालत निघालो. २००६ मध्ये मी गाडीच्या खिडकीतून जी झाडी पाहिली होती ती हीच. दुपारचं ऊन, मधूनच पावसाची सर, आणि आम्ही दोघी छत्री न उघडता चालत होतो.

ती २००८ मध्ये नवऱ्याबरोबर आश्रिताच्या पासवर तिथे गेली. अशा पासवर तेव्हा साध्या संमतिपत्रावर नोकरी करता यायची. तिने तेरा वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केली. १ मे २०२१ पासून नियम बदलला. आश्रिताच्या पासवर असलेल्यांना नोकरीसाठी स्वतःचा कामाचा परवाना लागू लागला. तिच्या कंपनीला तो काढणं जमलं नाही. सांगलीची मैत्रीण गेल्यानंतर पाठोपाठ तिला हे कळलं. “मला रडायचं होतं, पण कशासाठी रडते आहे ते घरी कसं सांगू, हेच समजेना,” ती म्हणाली. दीड वर्षात तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, पासिर रिसच्या मैत्रिणीलाही नाही. मी काही उपाय सुचवला नाही. आधी सुचवले असते; शिकवण्याचा पेशा असल्याने जीभ लगेच उपायाकडे वळते. आम्ही नऊ किलोमीटर चाललो. दोघींच्या बुटांत पाणी गेलं होतं. शेवटी ती म्हणाली, “पुढच्या वेळी पूर्ण २४ करू.”

पाचवी खेप २०२४ च्या दिवाळीतली. पासिर रिसहून फर्माईश होती: अनारसे आण, पण खसखशीशिवाय. सिंगापुरात खसखस नेता येत नाही. तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्यात ती अडकते. माझ्या आईने अनारसे तिळावर थापले. नाव अनारसेच, चव थोडी वेगळी. सासूबाई आता थकल्या आहेत, त्यांनी एक खाऊन म्हटलं, “खसखशीचा तो खसखशीचा. पण हाही वाईट नाही.”

शुक्रवारी रात्री दाराची घंटा वाजली. मैत्रिणीचा मुलगा. २००६ मध्ये ज्या बाळाच्या आजीची खोली मी बळकावली होती, तो आता एकोणीस वर्षांचा, डोक्याचे केस बारीक कापलेले, हिरव्या गणवेशात. कायम रहिवाशांच्या मुलांनाही तिथे दोन वर्षं लष्करी सेवा सक्तीची आहे. तेकोंग बेटावर त्याचं प्रशिक्षण चालू होतं आणि शनिवार-रविवारची सुट्टी मिळाली होती. त्याची सॅक आणि माझी सॅक दारामागे शेजारीशेजारी टेकवून ठेवल्या गेल्या. मैत्रीण दोन्हींकडे बघत राहिली.

रात्री त्याने मला सामान भरायला शिकवलं. वीस वर्षं सॅक भरते आहे, तरी शिकले. प्रत्येक कपड्याचा जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत. पिशवी जमिनीवर ठेवून गुडघ्याने दाबायची, हवा पूर्ण निघाली की झिप बंद. पायमोजे बनियनच्या आत, बनियन शर्टाच्या आत. अंधारातही एक पिशवी काढली की पूर्ण जोड हातात यावा. पावसात, चिखलात, पाण्यातून गेलं तरी आतलं कोरडं. प्रशिक्षणाच्या शेवटी असं सामान पाठीवर घेऊन २४ किलोमीटर चालायचं असतं. “तुम्हीपण २४ चालणार आहात ना, मावशी? आई म्हणाली,” तो म्हणाला. मराठी त्याचं तुटक आहे, पण ‘मावशी’ अगदी साताऱ्याचं.

मैत्रीण बाहेर गॅलरीत बांबूच्या काठीवर त्याचा गणवेश वाळत घालत होती. मी मदतीला गेले. तिने घड्याळ पाहिलं, अकरा वाजत आले होते. या वेळी मलाही कळलं, मी चपला घातल्या. ती म्हणाली, “आज राहा की. उद्या शनिवार आहे.”

राहिले. हॉलमध्ये गादी टाकली, खोली सासूबाईंचीच राहू दिली.

पुढच्या दिवाळीत आम्ही तिघी रेल कॉरिडॉर पूर्ण चालणार आहोत. जुरोंगच्या मैत्रिणीने तिची नोकरीची गोष्ट पासिर रिसच्या मैत्रिणीला आता सांगितली आहे आणि दोघी महिन्यातल्या एका बुधवारी, दोघींना मधे पडणाऱ्या हॉकर सेंटरमध्ये, तासभर भेटतात. पेला आळीपाळीने सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे असतो. तुमचीही अशी कोणी मैत्रीण लांबच्या शहरात असेल आणि तुम्ही सॅक घेऊन तिकडे निघाला असाल, तर तिला आजच फोन करा आणि एवढंच विचारा, बुधवारी संध्याकाळी तिला काय काय करायचं आहे.